कास्तोरियादिसचे मुख्य पुस्तक: कुठून शिरावे आणि कुठे अडायला होते

ग्रीक-फ्रेंच विचारवंत कॉर्नेलियस कास्तोरियादिसचे 'द इमॅजिनरी इन्स्टिट्यूशन ऑफ सोसायटी' पहिल्या पानापासून सरळ वाचायला घेतले, तर पन्नास-साठ पानांतच दम लागतो. यात वाचकाची चूक नाही. एका जिल्दीत दोन पुस्तके बांधलेली आहेत, आणि पहिले पुस्तक ज्या लोकांसाठी लिहिले होते ते आज आपल्या शेजारी बसलेले नाहीत. तरीही 'समाज म्हणजे काय आणि तो बदलतो कसा' या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे थोडे अस्सल विचार झाले, त्यांत या पुस्तकाची जागा फार वरची आहे. म्हणून ते घ्यावे, पण वाचण्याचा क्रम बदलून घ्यावा.

मूळ फ्रेंच पुस्तक पॅरिसच्या स्योई प्रकाशनाने १९७५ मध्ये काढले. इंग्रजी अनुवाद कॅथलीन ब्लेमी यांचा, १९८७ चा. ब्रिटनमध्ये पॉलिटी आणि अमेरिकेत एमआयटी प्रेस अशा दोन नावांनी तो मिळतो, आतला अनुवाद एकच. एमआयटीची पेपरबॅक १९९८ मध्ये आली. जुन्या पुस्तकांच्या बाजारात यांतली कोणतीही प्रत मिळाली तरी घ्यायला हरकत नाही.

पुस्तकात सात प्रकरणे आहेत. पहिली तीन 'सोशलिस्म ऊ बार्बारी' म्हणजे 'समाजवाद की रानटीपणा' या नियतकालिकात एप्रिल १९६४ ते जून १९६५ या काळात लेखमाला म्हणून आली होती. उरलेली चार त्यानंतरच्या वर्षांत लिहिली गेली आणि प्रस्तावनेवर तारीख आहे डिसेंबर १९७४ ची. पहिल्या भागात एक कार्यकर्ता आपल्याच साथीदारांशी हुज्जत घालतो. दुसऱ्या भागात तोच माणूस प्लेटो, कांट, गणितज्ञ कँटर आणि फ्रॉइड यांच्याशी बोलतो. प्रस्तावनेत तो वाचकाला आधीच सांगून ठेवतो: या इमारतीच्या भिंती एकामागून एक चढताना दिसतील, परांची काढलेली नसेल, वाळूचे आणि दगडांचे ढीग तिथेच पडलेले असतील. हे विनयाने म्हटलेले नाही, अक्षरशः खरे आहे.

लेखकाचे आयुष्य थोडे ठाऊक असले तर ही परांची समजते. जन्म ११ मार्च १९२२ चा, कॉन्स्टँटिनोपलचा. त्याच वर्षी कुटुंब अथेन्सला आले. ग्रीसमधल्या मेटाक्सासच्या हुकूमशाहीत, वयाच्या पंधराव्या वर्षी तो कम्युनिस्ट युवक संघटनेत गेला. जर्मन ताब्याच्या काळात पक्ष सोडून स्पिरोस स्टिनास यांच्या ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे स्टालिनविरोधी कम्युनिस्ट, गटात आला. डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंच शिष्यवृत्ती मिळालेल्या ग्रीक तरुणांना घेऊन 'माटारोआ' नावाचे जहाज पिरेउस बंदरातून निघाले, त्यात तो होता. कोस्तास आक्सेलोस आणि कोस्तास पापाइओआनू हे आणखी दोन विचारवंतही त्याच जहाजावर होते. पॅरिसमध्ये क्लोद लफॉरबरोबर त्याने ट्रॉट्स्कीवाद्यांतून वेगळी वाट धरली आणि १९४९ मध्ये वरचे नियतकालिक सुरू केले. १९६५ पर्यंत त्याचे ४० अंक निघाले.

या सगळ्या काळात त्याची नोकरी होती पॅरिसमधल्या त्या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेत, जी पुढे ओईसीडी झाली. १९४८ ते १९७० तो तिथे अर्थतज्ज्ञ होता. परदेशी नागरिकाला फ्रान्समधून तडकाफडकी हाकलता येत असे, म्हणून लेखनावर नाव कधी पिएर शोलिए, कधी पोल कार्दां, कधी झाँ-मार्क कुद्रे. १९७० मध्ये फ्रेंच नागरिकत्व मिळाले आणि मगच तो स्वतःच्या नावाने उघडपणे लिहू लागला. १९७३ पासून मनोविश्लेषक म्हणून रुग्ण पाहू लागला. २६ डिसेंबर १९९७ ला पॅरिसमध्येच त्याचे निधन झाले. पहिल्या प्रकरणातला अर्थशास्त्राचा सराव आणि सहाव्या प्रकरणातले मनोविश्लेषण कुठून आले, हे यावरून कळते. पुस्तकी माहितीवर लिहिलेली ही प्रकरणे नाहीत.

आता शीर्षक. इथेच पहिली गफलत होते. 'इमॅजिनरी'चे 'काल्पनिक' असे भाषांतर मनात धरले की पुस्तक उलटे वाचले जाते. समाज खोटा आहे, भ्रम आहे, असे त्याला म्हणायचेच नाही. फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँने 'इमॅजिनेर' हा शब्द आरशातल्या प्रतिमेच्या संदर्भात रुळवला होता. कास्तोरियादिस प्रस्तावनेतच तो अर्थ नाकारतो. त्याचे म्हणणे असे की इथली कल्पना कशाची प्रतिमा नव्हे. खुद्द आरसा आणि आरशात पाहता येण्याची शक्यता हीच तिची निर्मिती आहे. मराठी वाचकाने अशा वेळी संस्कृत 'क्लृप्' धातू आठवावा. रचणे, घडवणे, नीट बसवणे हा त्याचा जुना अर्थ, आणि वेदातल्या 'अकल्पयत्' या क्रियापदात तो अजून जिवंत आहे. 'कल्पना' हा शब्द त्या अर्थाने घेतला की शीर्षक एकदम सरळ होते.

'इन्स्टिट्यूशन'ची अडचण वेगळी. संस्था म्हटले की शाळा चालवणारी किंवा सहकारी कायद्याखाली नोंदवलेली संस्था डोळ्यांपुढे येते. पण मराठीत 'विवाहसंस्था', 'कुटुंबसंस्था', 'जातिसंस्था' हेही शब्द आहेत, आणि कास्तोरियादिसला नेमका हाच अर्थ हवा आहे. त्यात तो भाषा, पैसा, काळाची मोजणी, देव, राष्ट्र हे सगळे घालतो. शिवाय त्याचा भर संस्थेपेक्षा संस्थापनेवर, स्थापण्याच्या क्रियेवर आहे. ग्रीक भाषांतराच्या नावात 'थेस्मोस' म्हणजे संस्था हा शब्द नाही. तिथे 'थेस्मिसी' म्हणजे स्थापण्याची क्रिया हा शब्द आहे. इंग्रजी शीर्षकातून ही छटा निसटते. पुस्तकात पुढे 'इन्स्टिट्यूटिंग' आणि 'इन्स्टिट्यूटेड' अशी जोडी वारंवार येते. 'स्थापणारा समाज' आणि 'स्थापलेला समाज' असे दोन शब्द पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवले तर पुढच्या दोनशे पानांत उपयोगी पडतात.

वाचायला सुरुवात करावी ती प्रस्तावना आणि लगेच तिसरे प्रकरण अशी. पुस्तकाचा गाभा इथे आहे आणि यासाठी पूर्वतयारी जवळपास लागत नाही. समाजातली प्रत्येक संस्था कुठली तरी गरज भागवते, या मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीसारख्यांच्या उपयुक्ततावादी समजुतीची तो इथे उलटतपासणी घेतो. धार्मिक विधीत मुख्य आणि किरकोळ असा भेद नसतो, प्रत्येक बारीक तपशील सारखाच बंधनकारक असतो. मग हे सगळे तपशील कुठली गरज भागवतात? रोमन कायद्यात नेमके शब्द आणि नेमक्या कृती झाल्या नाहीत तर व्यवहारच होत नसे, आणि व्यवहाराला सोयीचा कायदा तिथे शतकांच्या वाटचालीनंतर आला. म्हणजे आधी सोय आणि मग चिन्हे, असा इतिहासाचा क्रम नाही.

याच प्रकरणात एक वाक्य आहे ज्यासाठी हे पुस्तक जवळ असावे. माणसाला वस्तू किंवा निव्वळ यंत्र म्हणून वागवणे हे त्याला घुबड मानण्यापेक्षा कमी कल्पनेचे काम नाही, जास्तच आहे, अशा आशयाचे ते आहे. पुढे तो कारणही देतो: घुबडाशी माणसाचे निदान सजीवपणाचे नाते आहे, यंत्राशी तेही नाही. आणि कुठल्याही टोळीने आपल्या प्राणिदैवताची कल्पना इतक्या टोकापर्यंत अमलात आणली नाही, जितकी आधुनिक कारखान्याने माणूस म्हणजे यंत्र ही कल्पना आणली. आधुनिक समाज तेवढा वास्तववादी आणि बाकीचे समाज कल्पनेत रमणारे, ही वाटणी या दोन पानांत मोडून पडते.

तिसऱ्यानंतर दुसरे प्रकरण घ्यावे. 'स्वायत्तता' हा त्याचा सर्वांत परिचित शब्द इथे नीट उलगडतो. स्वायत्त म्हणजे ज्याला वाटेल तसे वागणारा, असा अर्थ लावला की पुढचे सगळे बिनसते. स्वतःचे नियम स्वतः करणे, आणि ते आपण केले आहेत हे जाणून त्यांना पुन्हा प्रश्न विचारत राहणे, असा त्याचा अर्थ आहे. याच्या उलट परायत्तता. परायत्त समाजही आपले नियम स्वतःच करतो, पण ते देवाने, पूर्वजांनी, निसर्गाने किंवा इतिहासाच्या नियमाने दिले असे मानतो. यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: अपौरुषेय. आपल्या संस्था अपौरुषेय मानणारा तो परायत्त समाज, एवढे म्हटले की हे प्रकरण निम्मे समजले.

फ्रॉइडच्या 'जिथे इड (मनातल्या आदिम, नेणिवेतल्या इच्छा) होते तिथे मी यावा' या सूत्राला तो इथेच एक पुरवणी जोडतो: जिथे मी आहे तिथे इडलाही उमलू द्यायला हवे. दडपून टाकण्यात त्याला स्वायत्तता दिसत नाही, नाते बदलण्यात दिसते. 'प्रॅक्सिस'ची त्याची व्याख्याही वाचून पुढे सरकण्यासारखी नाही: ज्या करण्यात समोरचा माणूस स्वायत्त आहे असे धरले जाते, आणि त्याच्या स्वायत्ततेची वाढ मुख्यतः त्याच्याच हातून व्हायची असते, ते करणे. शिकवणे आणि वैद्यकी ही त्याची उदाहरणे आहेत. शिक्षकाने हे पान वर्षातून एकदा वाचावे.

कारखान्याबद्दलचा युक्तिवादही या प्रकरणात सापडतो. व्यवस्थापन कामगाराला निर्णयातून बाहेर ठेवते, आणि तरी त्याच्या सूचना, त्याची अक्कल, त्याचे आपापसांतले सहकार्य यांवाचून कारखाना एक दिवस चालत नाही. याचा पुरावा म्हणजे 'नियमानुसार काम' आंदोलन: सगळे नियम तंतोतंत पाळले की काम ठप्प होते. एसटीचा किंवा रेल्वेचा कर्मचारी हे पुस्तक न वाचताही सांगेल.

यानंतर पहिले प्रकरण. त्याआधी मार्क्सच्या अर्थशास्त्रातल्या चार गोष्टी माहीत हव्यात: श्रमशक्ती आणि श्रम यांतला फरक, वरकड मूल्य, नफ्याचा दर घसरण्याचा नियम, पाया आणि इमला. नसतील तर कुठल्याही चांगल्या प्राथमिक पुस्तकात दोन संध्याकाळी घालवून मग यावे. नाहीतर कास्तोरियादिस कशावर घाव घालतो आहे हेच दिसत नाही आणि प्रकरण चिडचिडे वाटते. त्याचा मुख्य मुद्दा असा: मार्क्सने श्रमशक्तीला इतर मालासारखा माल धरले. पण एक टन कोळसा जाळला की किती उष्णता मिळेल ते आधी सांगता येते. एक दिवसाची मजुरी दिली की किती काम मिळेल, ते कारखान्यात तासातासाला होणाऱ्या ओढाताणीवर ठरते. मजुरीचेही तसेच. म्हणजे ज्या वर्गसंघर्षाला मार्क्स इतिहासाचे इंजिन म्हणतो, तोच त्याच्या अर्थशास्त्रातून गळून पडतो. मार्क्सवादी राहायचे की क्रांतिकारक राहायचे, यांतून एक निवडावे लागेल, हा गाजलेला निष्कर्ष या प्रकरणात सुरुवातीलाच येतो. आज तो सोपा वाटतो. पण हे विचार छापून येण्याआधीच, १९६३ मध्ये, त्या नियतकालिकाच्या गटात त्यांवरून फूट पडली होती.

दुसऱ्या भागात चौथे प्रकरण आधी, कारण पुढच्या सगळ्याचा तात्त्विक पाया तिथे आहे. इतिहासात काहीतरी खरोखर नवे उपजते, आणि आधीच्या गोष्टींतून ते पूर्णपणे काढून दाखवता येत नाही, हा त्याचा दावा. 'शून्यातून निर्मिती' हे शब्द वाचून इथे पुष्कळांचा गैरसमज होतो. नंतरच्या निबंधांत त्याने तो दूर केला: निर्मिती शून्यातून होते, पण शून्यात होत नाही आणि शून्याच्या मदतीनेही होत नाही. साधने, अडथळे, वारसा सगळे असते. त्यांतून नेमके हेच रूप निघेल, हे मात्र त्यांत लिहिलेले नसते. हे वाक्य चौथ्या प्रकरणाच्या समासात टिपून ठेवावे.

खरी घाटी पाचव्या प्रकरणात लागते. शीर्षकात दोन ग्रीक क्रियापदे आहेत, 'लेगेइन' आणि 'तेउखेइन'. पहिल्यात वेगळे करणे, निवडणे, मांडणे, जमवणे, मोजणे, बोलणे एवढे सगळे येते. दुसऱ्यात जुळवणे, बसवणे, बनवणे, उभारणे. कँटरची संचाची व्याख्या घेऊन तो दाखवतो की 'निश्चित आणि एकमेकांपासून वेगळ्या वस्तूंचा समुच्चय' म्हणताना वेगळे करणे, एकत्र धरणे, नाव देणे या सामाजिक क्रिया आधीच गृहीत धरलेल्या असतात. या प्रकरणात वाचक अडतो त्याचे कारण गणित नाही, तेवढे गणित अकरावीचे आहे. कारण असे की तर्काचा पाया दाखवायला तर्काचीच भाषा वापरावी लागते आणि लेखक त्या गुंत्यातून दर पानावर पुन्हा पुन्हा जातो. म्हणून पहिल्या वाचनात सुरुवातीचे विभाग वाचून पुढे जावे आणि संपूर्ण प्रकरण सर्वांत शेवटी घ्यावे. पानांची गती इथे निम्म्यावर येते: तिसरे प्रकरण तासाला दहा पानांनी वाचता आले, तर हे पाचाने.

चौथ्या प्रकरणातला काळाच्या संस्थापनेचा भाग मात्र सोडू नये. प्रत्येक समाजाला मोजता येणारा एकसारखा काळ लागतो, आणि त्याच काळाला अर्थ देणारा दुसरा काळही तो स्वतः घडवतो. भिंतीवर दिनदर्शिका लावणाऱ्या मराठी घराला हे समजावून सांगावे लागत नाही: एकाच चौकोनात तारीख असते आणि मुहूर्तही असतो. दोन्ही एकमेकांवर टेकलेले, पण एकातून दुसरा निघत नाही.

अनुवादाविषयी इथेच बोलले पाहिजे, कारण त्याचा त्रास या भागात सर्वाधिक जाणवतो. ब्लेमी यांनी फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर यांचेही अनुवाद केले आहेत. अचूकपणाबद्दल तक्रार नाही. पण फ्रेंच 'फेर' या एका क्रियापदासाठी इंग्रजीत 'मेकिंग' आणि 'डूइंग' असे दोन शब्द तिरकी रेघ घालून जोडावे लागले आहेत आणि ते जोडपे शेकडो वेळा येते. वाचताना मनात तिथे 'करणे' म्हणावे. भाकरी करणे आणि काम करणे, दोन्ही मराठीत एकाच शब्दात बसतात. फ्रेंचच्या जवळ इथे इंग्रजीपेक्षा मराठी आहे. 'लीनिंग ऑन' हा असाच एक शब्द: समाज निसर्गावर टेकतो, पण निसर्ग त्याला ठरवून देत नाही. 'टेकणे' एवढेच पुरते.

सहावे प्रकरण मनाबद्दल आहे. तान्ह्या जिवाचे मन मुळात स्वतःत मिटलेले असते, आत-बाहेर हा भेद त्याला नसतो. समाज ते फोडतो आणि त्या मनाला भाषा, वस्तू, इतर माणसे, म्हणजे जगण्याला लागणारा अर्थ देतो. फ्रॉइडची 'उदात्तीकरण' (इच्छेची ऊर्जा समाजमान्य कामाकडे वळणे) ही संज्ञा तो इथे अशी बदलून घेतो की ती समाजाने दिलेला अर्थ स्वीकारण्याच्या प्रक्रियेलाच लागू होते. लिखाण दाट आहे पण सुटे सुटे वाचता येते. जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासने १९८५ च्या आपल्या आधुनिकतेवरील व्याख्यानांच्या पुस्तकात घेतलेला आक्षेप याच ठिकाणी लागतो: एकीकडे बंद मन आणि दुसरीकडे संपूर्ण समाज, मधला पूल कुठे आहे? आक्षेपात तथ्य आहे. दोन माणसे एकमेकांशी बोलतात, वाद घालतात, पटवतात, या रोजच्या पातळीला पुस्तकात फार कमी जागा मिळाली आहे.

सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला 'मॅग्मा'ची व्याख्या येते, आणि शब्द मात्र त्याआधीच वापरात असतो. ही मांडणीतली मोठी चूक. चौथ्याला हात घालण्यापूर्वीच तेवढा परिच्छेद पाहून यावा. मॅग्मा म्हणजे भूगोलातला शिलारस. त्यातून हवे तितके नेटके संच काढता येतात, पण ते सगळे संच पुन्हा एकत्र रचून मूळ मॅग्मा मिळत नाही. थिजलेल्या कातळाच्या फरश्या कितीही नीट रचल्या तरी शिलारस वाहू लागत नाही, तसे. शब्दांचे अर्थ, आठवणी, समाजाच्या श्रद्धा अशा मॅग्मासारख्या असतात, म्हणून कोशातल्या सगळ्या व्याख्या जोडून भाषा होत नाही.

पुस्तकाची आणखी एक मर्यादा आहे. दाखले ग्रीस, रोम, बायबल आणि आधुनिक युरोप यांतून येतात. पुढच्या लेखनात तर त्याने स्वायत्ततेचा उदय दोनदाच झाला असे ठामपणे मांडले: प्राचीन ग्रीक नगरराज्यांत आणि मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून पश्चिम युरोपात. भारतात किंवा चीनमध्ये ग्रंथप्रामाण्याला आव्हान देणाऱ्या परंपरा होत्या, त्यांची छाननी करून हा निष्कर्ष काढलेला दिसत नाही. त्याची परायत्ततेची कसोटी घेऊन ती छाननी आपल्याला करता येते. त्यासाठी हे पुस्तक उत्तम हत्यार आहे, निकालपत्र म्हणून ते घेऊ नये.

सोबत दुसरे एकच पुस्तक घ्यायचे असेल तर डेव्हिड एम्स कर्टिस यांनी संपादित व अनुवादित केलेले 'द कास्तोरियादिस रीडर', १९९७ चे. त्यातला हंगेरीच्या १९५६ च्या कामगार मंडळांवरचा निबंध दुसऱ्या प्रकरणानंतर वाचावा, ग्रीक नगरराज्यावरचा चौथ्यानंतर, आणि मॅग्माच्या तर्कावरचा पाचव्याकडे परतण्याच्या आदल्या दिवशी. ज्यांना फक्त राजकारणातला कास्तोरियादिस हवा आहे त्यांनी रीडरच घ्यावे आणि मुख्य पुस्तकातली पहिली तीन प्रकरणे ग्रंथालयातून आणावीत. ज्यांना फ्रेंच येते त्यांनी स्योईच्याच 'प्वाँ' मालिकेतली खिशात मावणारी आवृत्ती घ्यावी. पाचव्या प्रकरणात तिरक्या रेघा टळतात आणि तेवढ्यानेही वाचन बरेच हलके होते.